क्योतोच्या वेशीवरची देवस्थानं: एक दिवस, एक दिशा

जपानमधल्या क्योतोला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण एकाच दिवसात पाच-सहा ठिकाणं कोंबतात आणि संध्याकाळी त्यांना कुठलं मंदिर कुठलं होतं तेही आठवत नाही. शहराच्या मध्यभागी हे एक वेळ चालून जातं, वेशीवर अजिबात चालत नाही. तिथली देवस्थानं डोंगरावर आहेत, नदीकाठी आहेत. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर दीड-दोन तास मोडतात, आणि दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास बहुतेक बौद्ध मंदिरांची दारं बंद होतात. त्यामुळे नियम एकच धरा: एक दिवस, एक दिशा. खाली दक्षिणेचा एक आणि उत्तरेचा एक असे दोन दिवस मांडले आहेत. त्याआधी दोन्हीकडे लागणाऱ्या रीती.

जिन्जा की ओतेरा?

वाटेत लाल किंवा दगडी कमान, म्हणजे तोरी, दिसली की ती शिंतो देवाची जागा. तिला जिन्जा म्हणतात. मोठं छपराचं प्रवेशद्वार, धुपाचा वास, घंटा, आत मूर्ती असेल तर ते बौद्ध मंदिर, ओतेरा. नावाच्या शेवटी ‘जी’, ‘देरा’ किंवा ‘इन’ असेल तर बहुधा बौद्ध. ‘जिन्जा’, ‘जिंगू’ किंवा ‘ताइशा’ असेल तर शिंतो. हा फरक कळणं गरजेचं आहे, कारण टाळ्या फक्त जिन्जात वाजवतात. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक.

तोरीखालून जाताना क्षणभर थांबून किंचित वाकायचं आणि वाटेच्या मधोमध न चालता कडेने चालायचं. मधला भाग देवाचा. बौद्ध मंदिराच्या दारात उंबरठा असतो. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

चपलांचं मात्र आपल्याहून उलट आहे. आवारात बूट घालूनच फिरायचं असतं. ते निघतात सभामंडपाच्या लाकडी पायरीशी. तिथे एक बारीक चूक होते: लोक बूट काढून मोजे घातलेला पाय जमिनीवर टेकवतात आणि मग वर चढतात. तसं करू नका. एक पाय बुटातून काढून थेट फळीवर ठेवा, मग दुसरा. बूट रॅकमध्ये ठेवा किंवा तिथल्या पिशवीत घालून सोबत न्या. आत स्लिपर दिल्या असतील तरी ताताम्यांच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत त्याही बाहेर काढायच्या. हिवाळ्यात ती लाकडी जमीन बर्फासारखी लागते, म्हणून जाड मोजे हवेत, आणि ते न फाटलेले. डोंगरात चालायचं आहे आणि दिवसातून चार वेळा बूट काढायचे आहेत, तेव्हा तळ पकड घेणारा पण नाड्यांची फार कसरत नसलेला बूट निवडा.

हात धुण्याची रीत

जिन्जाच्या दाराशी पाण्याचं दगडी कुंड असतं, त्यावर बांबूच्या किंवा लाकडाच्या पळ्या आडव्या ठेवलेल्या. सगळं एकाच पळीभर पाण्यात उरकायचं असतं, म्हणून पहिल्यांदा भरपूर पाणी घ्या आणि थोडं थोडं वापरा.

1. उजव्या हातात पळी धरून डाव्या हातावर पाणी घाला.
2. पळी डाव्या हातात घेऊन उजवा हात धुवा.
3. पुन्हा उजव्या हातात घ्या, डाव्या ओंजळीत थोडं पाणी घेऊन चूळ भरा. पळीला तोंड लावायचं नाही.
4. डावा हात परत एकदा धुवा.
5. पळी उभी धरा, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तुमच्या हाताने धरलेली जागा धुतली जाते. मग पालथी ठेवा.

चूळ कुंडात नव्हे, खालच्या खडी-नालीत टाकायची. पाणी कुंडात परत पडू द्यायचं नाही. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी पळ्या काढून टाकल्या आहेत आणि बांबूच्या नळीतून धार सोडली आहे. तिथे नुसते हात धुतले तरी झालं. खिशात एक छोटा पंचा ठेवा, पुसायला काही मिळत नाही.

देवासमोर

जिन्जात पेटीत नाणं हळूच टाका. घंटेची दोरी असेल तर हलवा. दोनदा कमरेतून वाका, छातीसमोर दोन टाळ्या वाजवा, हात जोडून मनातलं म्हणा, शेवटी एकदा वाका. पाच येनचं नाणं लोकांना आवडतं, कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि ‘गो-एन’ म्हणजेच ऋणानुबंध. बौद्ध मंदिरात नाणं टाकून मुकाट्याने हात जोडायचे. उदबत्ती पेटवली तर ज्योत फुंकून विझवायची नाही, हाताने वारा घालून विझवायची. मोठी घंटा वाजवायला मुभा असेल तर ती आत जाताना. परत निघताना वाजवणं अशुभ मानतात.

आपल्या माणसाला इथे एक गोष्ट चुटपुट लावते: दर्शन. जिन्जात मूर्ती बहुधा नसतेच. गाभाऱ्यात आरसा किंवा अशीच एखादी वस्तू देवाचं अधिष्ठान म्हणून असते आणि ती कुणाला दाखवत नाहीत. बौद्ध मंदिरातही मुख्य मूर्ती पुष्कळदा पडद्याआड. उत्तरेच्या वाटेवरच्या कुरामा मंदिरातल्या मुख्य मूर्तींचा पडदा साठ वर्षांतून एकदा उघडतो. मागे 1986 मध्ये उघडला, आता 2046. तेव्हा गर्दीत मान उंचावून आत डोकावू नका, काही चुकत नाही. नारळ, हार, पेढे यांचीही गरज नाही, आणि ते ठेवायला जागाही नसते. एक आणखी: घरात सुतक असताना जिन्जात न जाण्याची प्रथा तिथेही आहे, साधारण पन्नास दिवस. बौद्ध मंदिराला ती अडचण नाही.

फोटो आवारात चालतात, मंडपाच्या आत जवळजवळ कुठेच नाही.

सोबत काय

नाणी. शंभर येनची दहा-बारा आणि पाच-दहा येनची मूठभर. इकोका किंवा तसं कुठलंही रेल्वे कार्ड. जेआर, केइहान आणि एइझान तिन्ही रेल्वेंवर ते चालतं. जेआर पास मात्र फक्त जेआरवर चालतो, त्यामुळे उत्तरेच्या दिवशी तो फारसा उपयोगी नाही. कचऱ्यासाठी पिशवी, कारण कचरापेटी शोधून सापडत नाही.

देवस्थानांचे शिक्के जमवायचे असतील तर पहिल्याच ठिकाणी घडीची वही, गोशुइन्चो, विकत घ्या. साधारण दीड-दोन हजार येन. प्रत्येक शिक्क्याला 300 ते 500 येन पडतात. आधी देवाला नमस्कार, मग शिक्का, हा क्रम. वही योग्य पान उघडून द्या आणि सुटे पैसे हातात ठेवा. ब्रशने लिहिताना समोर बोलत उभं राहू नका. साध्या वहीत शिक्का मागितला तर नकार मिळतो, कारण तो पर्यटनाचा ठसा नाही, भेटीची नोंद आहे. ही खिडकी दारं बंद होण्याआधीच, बहुतेकदा चार-साडेचारला बंद होते.

जेवणाचा प्रश्न

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा. ‘मांस-मासे नको’ म्हटलं की तुकडे काढून ताट येतं, पण रस्सा मासळीच्याच अर्काचा, दाशीचा, असतो. कित्सुने उदोनमध्ये वर तळलेला तोफू दिसतो, खाली सुक्या बोनितो माशाचं पाणी. फुशिमी इनारी जिन्जाबाहेर मिळणारी इनारी-झुशी, म्हणजे तोफूच्या पिशवीतला भात, तीही बहुधा दाशीत शिजवलेली. ‘कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन’, माशाचा अर्कही चालत नाही, हे वाक्य पाठ करा किंवा लिहून ठेवा. दुकानातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेतली तर साध्या मिठाची, शिओ-मुसुबी; उमेबोशीत, म्हणजे खारवलेल्या आंबट फळातही, कधीकधी कात्सुओ, म्हणजे बोनितो मासा, असतो. घरून चार ठेपले किंवा दशम्या नेलेल्या बऱ्या. खाताना आवारात नाही, बाहेरच्या बाकावर.

बिनघोर जेवण हवं तर ते मठातलं, शोजिन र्योरी. त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. त्याची एक चिनी धाटणीची शाखा दक्षिणेच्या वाटेवरच आहे, पुढे येईल.

दक्षिणेचा दिवस: फुशिमी इनारी ते उजी

क्योतो स्टेशनवरून जेआर नारा लाइनची लोकल. इनारी हे दुसरंच स्टेशन, पाच मिनिटं. इथे हमखास घोटाळा होतो: रॅपिड गाड्या इनारीला थांबत नाहीत. घाईत रॅपिड पकडलीत तर तोफुकुजीला उतरून मागून येणारी लोकल घ्या. ते चुकलं तर थेट रोकुजिझो.

स्टेशनच्या दाराबाहेर पडलं की समोर पहिली तोरी. सकाळी साडेसहा-सातला पोहोचा. जागा चोवीस तास उघडी असते, तिकीट नाही. दहानंतर मात्र तोरींच्या बोगद्यात खांद्याला खांदा लागतो. देवस्थानाची स्थापना 711 सालची मानतात. पुढचं मोठं प्रवेशद्वार 1589 मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने बांधून दिलेलं.

जागोजागी कोल्हे बसलेले दिसतील. तोंडात किल्ली, मणी, भाताची लोंबी किंवा पोथीची गुंडाळी. किल्ली धान्याच्या कोठाराची, कारण इनारी मुळात भातशेतीचा देव. व्यापाऱ्यांचा तो नंतर झाला. कोल्हा हा देव नव्हे, त्याचा दूत. त्याला इनारी समजणं म्हणजे उंदराला गणपती समजणं.

वर जाताना तोरींचे खांब कोरे केशरी-लाल दिसतात. थोडं पुढे जाऊन मागे वळून बघा: मागच्या बाजूला काळ्या अक्षरांत देणगीदारांची आणि कंपन्यांची नावं आणि बसवल्याची तारीख. लाकूड कुजतं, खांबाचा तळ आधी मऊ पडतो, मग ती तोरी उतरवून त्या जागी नवी बसते. म्हणून एकाच रांगेत ताजा रंग आणि उडालेला रंग शेजारी शेजारी असतो.

बोगद्यानंतर मागच्या देवळाशी दोन दगडी दिवे आहेत, त्यांच्या माथ्यावर एकेक गोल दगड. मनात इच्छा धरून दगड उचलायचा. वाटला होता त्याहून हलका लागला तर इच्छा पुरी होणार. गर्दी इथूनच परत फिरते. तुम्ही तसं करू नका, पण माथ्याचाही हट्ट धरू नका. अर्ध्या-पाऊण तासात योत्सुत्सुजी नावाचा चौक येतो. शहर दिसतं ते इथून. पूर्ण फेरी सुमारे चार किलोमीटरची, दोन ते तीन तास. माथा 233 मीटर, आणि तिथून काहीही दिसत नाही; झाडी आणि दाटीवाटीने बसवलेले पूजेचे दगड. दृश्यासाठी जाणाऱ्याची निराशा होते. चौकापर्यंत जाऊन उतरणं हा पहिल्या भेटीसाठी शहाणपणाचा बेत आहे, कारण त्याच लोकलने पुढे उजीत नऊ-साडेनऊला पोहोचायचं आहे.

घाई कशाची? उजीतल्या ब्योदो-इन या बौद्ध मंदिराच्या फिनिक्स मंडपाच्या आत जायचं वेगळं तिकीट असतं, 300 येन, आणि एका वेळी पन्नासच माणसं, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या. तिकीट त्या दिवशी तिथेच, पहिला येईल त्याला. सुट्टीच्या दिवशी साडेदहाला पोहोचलात तर दुपारची फेरी मिळू शकते. आवाराचं आणि संग्रहालयाचं तिकीट निराळं, 700 येनच्या आसपास. आत शिरल्या शिरल्या मंडपाचं तिकीट घ्या, मग बागेत फिरा.

मंडप 1053 चा. दरबारातला बडा सत्ताधारी फुजिवारा नो योरिमिची याने वडिलांच्या वाड्याचं मंदिर केलं, त्याच्या पुढच्या वर्षीचा. दहा येनचं नाणं खिशातून काढा. त्यावर हाच आहे. मंडप पूर्वेला तोंड करून, तळ्यापलीकडे. म्हणून सकाळी ऊन समोरून पडतं आणि पाण्यातलं प्रतिबिंब उजळ दिसतं. दुपारनंतर तो स्वतःच्याच सावलीत जातो. आत जोचो या मूर्तिकाराची अमिदा बुद्धाची लाकडी मूर्ती आणि भिंतींवर ढगांवर बसून वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व, एकूण 52. त्यातले निम्मे संग्रहालयात अगदी डोळ्यांसमोर बघता येतात, छपरावरच्या मूळ फिनिक्स पक्ष्यांच्या जोडीसह. ते टाळू नका.

उजी नदी पूल ओलांडून पलीकडे गेलात की पंधरा मिनिटांवर उजिगामी जिन्जा. छोटं, तिकीट नाही, गर्दीही नाही. खोडांची वर्तुळं मोजून त्याचं लाकूड 1060 च्या सुमाराचं निघालं. आज उभ्या असलेल्या जिन्जांच्या इमारतींत ही सगळ्यात जुनी. फसायला होतं ते असं, की समोर दिसतं ते बाहेरचं आच्छादन. जुनी तीन देवळं त्याच्या आत, जाळीतून बघायची.

परतीला लोकलने एकच स्टेशन मागे, ओबाकु. इथे माम्पुकु-जी, चीनहून आलेल्या इंगेन भिक्षूने 1661 मध्ये वसवलेला मठ. पहिल्या दालनात सोनेरी, ढेरपोट्या होतेई हसत बसलेला आहे. आपल्याकडे दिवाणखान्यात ठेवतात तोच लाफिंग बुद्धा. इथे तो मैत्रेयाचं रूप म्हणून पुजला जातो. भोजनशाळेबाहेर लाकडाचा भला मोठा मासा टांगलेला आहे, जेवणाची वेळ झाली की तो बडवतात. ते जेवण म्हणजे फुचा र्योरी, पूर्ण शाकाहारी, पारंपरिक पद्धतीत चौघांनी एका मेजावर वाटून खायचं. आयत्या वेळी मिळत नाही, काही दिवस आधी आरक्षण लागतं. ते मिळालं तर दुपारच्या जेवणाआधी माम्पुकु-जी आणि नंतर उजिगामी असा क्रम फिरवा.

उत्तरेचा दिवस: कुरामा ते किबुने

क्योतो स्टेशनवरून जेआरने तोफुकुजी, तिथून केइहानने देमाचियानागी, तिथून एइझान रेल्वे. देमाचियानागीला दोन वाटांच्या गाड्या सुटतात. कुरामाची हवी, यासेच्या गाडीत बसलात तर ताकारागाइकेला उतरून बदला, त्यापुढे वाटा फुटतात. मोठ्या काचांची ‘किरारा’ गाडी आली तर तीच घ्या, जादा भाडं नाही. अर्ध्या तासात कुरामा. अतिवृष्टी किंवा वादळानंतर गाडी चालू आहे का ते आधी बघा: जुलै 2020 मध्ये दरड कोसळून वरचा भाग सप्टेंबर 2021 पर्यंत बंद होता. 22 ऑक्टोबरला इथे मशालींचा उत्सव असतो. तो बघायचा नसेल तर त्या दिवशी या बाजूला फिरकू नका.

पायवाटेची दिशा कुरामाहून डोंगर ओलांडून किबुनेकडेच ठेवा. उलट गेलात तर चढ सुरुवातीलाच छातीवर येतो. सगळी वाट देवळं बघत दोन-अडीच तासांची. नऊ-साडेनऊला दाराशी असलात तर दुपारी किबुनेत. दुपारी तीननंतर चढायला सुरुवात करू नका: संध्याकाळी दारं बंद होतात, आणि दाट झाडीत उजेड शहराच्या आधी जातो.

कुरामाच्या मंदिराचं प्रवेशशुल्क 500 येनच्या आसपास. तिथून मुख्य मंडप अर्ध्या तासाच्या चढावर. गुडघे दुखत असतील तर छोटी केबल कार आहे, दोन मिनिटांची. ती चालवतं मंदिरच. जपानमध्ये रेल्वे चालवणारी ही एकमेव धार्मिक संस्था. केबल कारनंतरही दहा मिनिटं पायऱ्या आहेतच.

कुरामा-देरा 770 मध्ये स्थापन झालेलं. इथला बिशामोन्तेन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर; वाटेत चीनमध्ये त्याला चिलखत मिळालं. मंडपासमोर सिंहांऐवजी वाघांची जोडी आहे, कारण वाघ बिशामोन्तेनचा. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. विचारलंत तर ‘आ’ आणि ‘उन’ म्हणतील. ते आपले ‘अ’ आणि ‘हूं’, संस्कृत मंत्राक्षरं. फरशीवरच्या त्रिकोणी नक्षीवर उभं राहायला रांग लागते. रांग लांब असेल तर सोडून द्या, डोंगर जास्त मोलाचा.

मंडपामागून खरी पायवाट सुरू होते. वरच्या टप्प्यावर झाडांची मुळं जमिनीवर जाळ्यासारखी पसरलेली दिसतात. खाली खडक कठीण, मुळांना खोल शिरता येत नाही, म्हणून ती वरच धावतात. त्यांच्यावर पाय देऊ नका. साल सोलवटली की झाड मरतं. शिवाय ओल्या मुळावरून घसरून घोटा मुरगळणं हा इथला ठरलेला अपघात. पाय मुळांच्या मधल्या मातीवर. पावसानंतर जपून, आणि उतारावर आणखी जपून, कारण शेवटचा टप्पा खडा उतार आहे. अस्वलांबद्दलचे फलक लागलेले असतील तर एकटे जाऊ नका, आवाज करत चला.

पश्चिम दारातून बाहेर पडलात की पूल आणि किबुने. गावाचं नाव किबुने, पण देवस्थानाचं नाव किफुने: पाण्याचा देव, त्याचं पाणी गढूळ होऊ नये म्हणून उच्चारही स्वच्छ ठेवतात. तीन देवळं आहेत. क्रम मुख्य देऊळ, मग सगळ्यात वरचं ओकुमिया, मग उतरताना मधलं. पूर्वी दरबार इथे पावसासाठी काळा आणि उघडिपीसाठी पांढरा घोडा वाहत असे. पुढे घोड्याऐवजी चित्राची फळी आली, आणि सगळ्या जिन्जांत टांगलेल्या दिसतात त्या ‘एमा’ फळ्यांचं मूळ हे सांगतात. उन्हाळ्यात ओढ्यावर बांधलेल्या मचाणांवर जेवण मिळतं, महाग आणि बहुतेक मासळीचं. शाकाहाऱ्यांनी डबाच उघडावा.

मुख्य देवळात पाण्यावर उमटणारं भाकीत घ्यायला विसरू नका. कोरा दिसणारा कागद झऱ्याच्या कुंडात सपाट सोडायचा, काही क्षणांत अक्षरं वर येतात; भाकिताचा मजकूर जपानीत, पण कागदावर छापलेला कोड फोनने टिपला तर इतर भाषांत वाचता येतो. कागद वाळला की अक्षरं पुन्हा पुसट होतात, म्हणून ओला असतानाच वाचा. वाईट निघालं तर तिथल्या तारेला बांधून टाका, झाडाच्या फांदीला नाही. स्टेशन किबुनेगुची इथून दोन किलोमीटर उतारावर. 33 नंबरची बस पाच मिनिटांत नेते, चालत अर्धा तास. रस्ता अरुंद आहे, पदपथ नाही, आणि पानगळीच्या दिवसांत बस गाड्यांच्या रांगेत अडकते. तेव्हा चालणंच लवकर पोहोचवतं.